नंदुरबारच्या वाटेवरचे इंग्रजी शब्द

आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात मधल्या सुट्टीत एक देखावा रोज दिसतो. पाच-सहा मुले एका मोबाइलभोवती डोकी जुळवून बसलेली असतात. पडद्यावर एखादी हसतमुख बाई किंवा चुणचुणीत तरुण उभा असतो आणि "आज शिकूया स्वयंपाकघरातले पाच इंग्रजी शब्द" असे म्हणून भराभर पाच शब्द सांगून टाकतो. अर्धे मिनिट होते न होते तोच बोट वर सरकते, आणि पाचव्या शब्दाच्या पाठोपाठ एक विनोद, त्याच्या पाठोपाठ एक नाच, आणि मग पुन्हा कुणाचे तरी पाच शब्द. याला मुले 'रील' म्हणतात, कुणी 'शॉर्ट' म्हणतात.

खरे सांगायचे तर प्रथम मला याचा रागच आला होता. "असं कुठं इंग्रजी येतं का रे?" असे मी एकदा विचारलेही. त्यावर अक्कलकुव्याकडचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, मग कसं येतं?" प्रश्न साधा होता, पण मला त्याचे उत्तर लगेच देता आले नाही. मी इतिहासाचा माणूस. उत्तर सुचले नाही की मागे वळून पाहावे ही आमची सवय. म्हणून आपल्या या नंदुरबारच्या मुलखात इंग्रजी शब्द आजवर कोणकोणत्या वाटांनी आले, आणि आलेल्यांपैकी कोणते राहिले, हे पाहण्याचा मी थोडा प्रयत्न केला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

इंग्रजी भाषा आपल्याकडे इंग्रजी राज्याबरोबर आली असे आपण धरून चालतो. वास्तविक नंदुरबारच्या कानांवर ती त्याच्या दोनशे वर्षे आधीच पडली होती. सुरत बंदरातून बऱ्हाणपुराकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता नंदुरबारवरून जात असे. 1610 साली विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी या रस्त्याने गेला. पुढे 1615 साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हा जहांगीर बादशहाच्या भेटीला निघाला, तोही याच वाटेने, नंदुरबारवरून, बऱ्हाणपुरास गेला. बरोबर नोकरचाकर, सामानाने लादलेल्या गाड्या, बादशहासाठी आणलेल्या भेटी. मुक्कामावर ही मंडळी आपसांत इंग्रजीत बोलली असणारच. पण त्या बोलण्यातला एक तरी शब्द इथल्या माणसांच्या तोंडी उरला का? नाही. स्वारी आली आणि स्वारी गेली. ज्या भाषेशी आपले काही काम नाही, ती कानांवरून वाऱ्यासारखी जाते.

आता याच गावात एकोणिसावे शतक संपता संपता काय झाले ते पाहा. सुरतेहून भुसावळकडे जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे आली. रुळांबरोबर शब्द आले, आणि ते मात्र गेले नाहीत. तिकीट, सिग्नल, गार्ड, पार्सल, वॅगन. 'स्टेशन' या शब्दाचे तर लोकांनी 'टेसन' करून त्याला घरातलाच करून टाकला. कधी शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही गाडी 'लेट' आहे हे समजू लागले. खानदेश 1818 साली इंग्रजांच्या ताब्यात गेल्यापासून कलेक्टर, कोर्ट, अपील, वारंट, पोलीस हे शब्द असेच खेड्यापाड्यांत पोचले होते. त्यांचा तास कुणी घेतला नव्हता. पण ज्याच्या जमिनीचा दावा कोर्टात अडकला त्याला 'अपील' म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आपल्या मिरचीच्या बाजारातही 'रेट' आणि 'कमिशन' हे शब्द काही पुस्तकातून आले नाहीत.

टॉमस रोची स्वारी आणि ताप्ती व्हॅलीची गाडी, या दोहोंतला फरक ध्यानात ठेवा. दोन्हींमधून इंग्रजी शब्दच आले. एकातले उडून गेले आणि दुसऱ्यातले रुजले, कारण दुसऱ्या शब्दांची गरज रोज पडत होती आणि ते रोज कुणाला तरी उलट बोलून दाखवावे लागत होते. आजचे रील या दोहोंपैकी कोणत्या जातीचे, हाच माझ्यापुढचा प्रश्न आहे.

हे झाले सहज आलेल्या शब्दांचे. मुद्दाम बसून इंग्रजी शिकण्याचा आपला इतिहासही मोठा आहे. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढले. ते पत्र द्विभाषी होते. एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी. एतद्देशीय लोकांमध्ये विलायतेच्या विद्येचा अभ्यास वाढावा हाही त्यामागे एक हेतू होता. एक डोळा या रकान्यावर आणि दुसरा त्या रकान्यावर ठेवून काही चिकाटीच्या वाचकांनी त्यातून इंग्रजी शब्दही टिपले असतील. त्याच्या आदल्याच वर्षी, 1831 साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला होता. सावित्रीबाई फुले यांच्या 1854 सालच्या 'काव्यफुले' या संग्रहात तर इंग्रजी शिका असे आवर्जून सांगणारी कविता आहे. ज्यांना शतकानुशतके विद्येचे दार बंद होते, त्यांच्या दृष्टीने ती भाषा म्हणजे केवळ साहेबाची भाषा नव्हती, ती बाहेर पडण्याची एक वाट होती. इंग्रजीला 'वाघिणीचे दूध' म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात पडला तो उगीच नव्हे.

पुढे घरोघर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी तिच्यावर रात्री जागवल्या असतील. धड्याच्या आरंभी शब्द, मग वाक्ये, मग मराठीचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी. तिची शिस्त कडक होती. आज शिकलेला शब्द उद्याच्या वाक्यात पुन्हा भेटे, परवाच्या धड्यात पुन्हा भेटे. त्याला विसरायला ती सवडच देत नसे. मात्र पुस्तकाला आवाज नसतो. देवनागरीत उच्चार लिहून द्यायचा म्हटला तरी त्यातून सारा ध्वनी कसा पोचणार? 'कॅट'मधला आणि 'डॉग'मधला स्वर लिहिण्यासाठी मराठीने ॲ आणि ऑ ही चिन्हे सोयीने स्वीकारली. 'व्हॅन'चा व्ह आणि 'वॉच'चा व आपण लिहिताना वेगळे काढतो, बोलताना बहुधा एकच करतो.

माझीच गोष्ट सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हा नव्हता, धुळे जिल्ह्यातच होता. वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत मुंबई राज्यात तर ते आठवीपासून सुरू होत होते, आणि 2000 साली महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे एकाच घरात आजोबांनी आठवीत, बापाने पाचवीत आणि नातीने पहिलीत इंग्रजीचा श्रीगणेशा केला, असे सहज आढळेल. तर मी पाचवीत शब्द पाठ केले ते डोळ्यांनी. 'आयलंड' या शब्दातला 'एस' मुका असतो हे मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हते. मी बिनदिक्कत 'इस्लंड' म्हणत असे. एकदा भर वर्गात म्हणालो आणि पोरे हसली. शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता, स्पेलिंग ठाऊक होते, पण त्या दिवसापासून कित्येक महिने मी वर्गात इंग्रजी बोलायला तोंड उघडले नाही. डोळ्यांनी शिकलेली भाषा अशी ऐन वेळी दगा देते.

ही आवाजाची उणीव भरून काढली ती रेडिओने. बी.बी.सी.ने 1943 साली रेडिओवरून इंग्रजी शिकवण्याचे पाठ सुरू केले आणि जगभरच्या घरांत इंग्रजीचा खरा आवाज पोचला. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी शाळांतील मुलांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' हे रेडिओचे पाठ तयार केले. या जातीच्या पाठांची एक खुबी आहे, ती मुद्दाम सांगतो. रेडिओतला आवाज मुलांना काही विचारतो आणि मग क्षणभर गप्प बसतो. ती मोकळी जागा मुलांच्या उत्तरासाठी राखलेली असते. वर्गातली सारी पोरे एका सुरात उत्तर देतात, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगतो आणि गाडी पुढे सरकते. रेडिओला काही ऐकू येत नाही, हे पोरांना पक्के माहीत असते. तरी ती बोलतात. कारण कुणीतरी आपल्या बोलण्याची वाट पाहिली! शिकवणाऱ्याने थांबायला शिकणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि आम्हा प्राध्यापकांनासुद्धा ती नेहमी साधत नाही.

आता मोबाइलकडे येऊ. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या. 'घरी बसून शिका' असे सांगणे सोपे होते, पण सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळवायची म्हणजे टेकडी चढायची. घरात मोबाइल एक आणि शिकणारे तिघे. नेमक्या त्याच वर्षी छोट्या व्हिडिओंच्या जगातही मोठी उलथापालथ झाली. 29 जून 2020 रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. जुलैत इन्स्टाग्रामचे रील भारतात सुरू झाले आणि सप्टेंबरात यूट्यूबने आपले शॉर्ट्स पहिल्यांदा भारतातच चाचणीसाठी आणले. टिकटॉकने तर त्याच्या आदल्या वर्षीच शिकवणाऱ्या छोट्या व्हिडिओंची टूम आपल्या देशात काढली होती. म्हणजे शाळेचे दार बंद झाले आणि ही चिमुकली खिडकी उघडली, ती जवळजवळ एकाच वेळी. लांबलचक तास बघायला रेंजही पुरत नसे आणि रिचार्जही. अर्ध्या मिनिटाचा तुकडा मात्र कसाबसा उतरे. ज्यांना काहीच मिळत नव्हते त्यांना हे मिळाले, आणि त्यांनी ते घेतले. याबद्दल मुलांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या तुकड्यांत गुण आहेत, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करावेत. पहिला गुण म्हणजे आवाज. जो पाठमालेला देता आला नाही. दुसरा म्हणजे लाज वाटत नाही. तोच शब्द वीस वेळा ऐकला तरी मोबाइल कंटाळत नाही आणि हसतही नाही. तिसरा गुण आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे 69 टक्के आदिवासी आहेत. इथल्या पुष्कळ घरांत बोलतात ती भिली, पावरी, मावची किंवा कोकणी. सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. अशा घरातले मूल पहिलीत येते तेव्हा त्याला मराठीसुद्धा शिकायचीच असते. मग इंग्रजी शब्दाचा अर्थ त्याला मराठीतून सांगितला, तर त्याला दोन उंबरठे ओलांडावे लागतात. दर्पणाचा शेजारचा रकाना मराठी होता, पाठमालेचा तर सारा डोलारा मराठीवर उभा. पण चित्राला भाषा लागत नाही. पडद्यावर शेळी दिसली आणि कानांवर 'गोट' पडले, की धडगावच्या पोराने तो शब्द थेट आपल्या घरच्या शेळीच्या गळ्यात बांधावा. ही सोय पूर्वीच्या साधनांत इतक्या सहज नव्हती. गंमत अशी, की शिकवणारे बहुतेक जण चित्र हाताशी असूनही 'म्हणजे, म्हणजे' करीत मराठीची किंवा हिंदीची घोकंपट्टीच करवतात.

आता उणिवा पाहू. पहिली उणीव अनुक्रमाची. आरंभी कोणते शब्द शिकवावेत यावर जगातल्या विद्वानांनी आयुष्ये घालवली आहेत. सी. के. ऑग्डेन यांनी 1930 साली 850 शब्दांची यादी करून तेवढ्यात रोजचा व्यवहार चालवता येईल असे मांडले. मायकेल वेस्ट यांनी बंगालमध्ये, ढाक्याला, शाळांचे काम पाहिले होते. आपल्याच देशातल्या मुलांच्या अडचणी पाहून त्यांनी ठरावीक शब्दांतली वाचनमाला रचली, आणि 1953 साली सुमारे 2000 अत्यंत उपयोगी शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली. त्यात हिशेब होता, क्रम होता. रीलला क्रम नाही. ते लोकांना चटकन आवडेल असा शब्द निवडते. म्हणून आमच्या मुलांना 'ऑसम' आणि 'गॉर्जस' येते, पण परीक्षेच्या फॉर्मवर 'गार्डियन' या शब्दापुढे काय लिहायचे ते विचारायला ती खोलीत येतात.

दुसरी उणीव उजळणीची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले पहिल्या काही तासांतच भराभर पुसले जाते आणि मधूनमधून उजळणी केली तरच टिकते. आपल्या पंतोजींना हे न वाचताच माहीत होते. पाढे रोज संध्याकाळी म्हणवून घेत ते काय उगीच? रील मात्र कालचा शब्द आज परत आणीत नाही. त्याला सतत नवे हवे.

आणि तिसरी उणीव सर्वांत मोठी. रील थांबत नाही. उत्तरासाठी जागा मोकळी सोडीत नाही. ते बोलते, आपण ऐकतो, बोट सरकते. स्वारी आली, स्वारी गेली.

त्या अक्कलकुव्याच्या मुलाला मी एक दिवस म्हटले, "तू जपून ठेवलेले शब्द मला सांग बघू." त्याने मोबाइल उघडण्यासाठी खिशात हात घातला. मी म्हटले, "मोबाइल नको. तोंडाने." तो गोंधळला. महिनाभर जमवलेल्या शब्दांपैकी बहुतेक गेले होते. राहिले होते चार : डिले, सिग्नेचर, रिफंड आणि एक्स्पायरी. हेच चार का, म्हणून मी विचारले, तेव्हा एकेकाची हकीकत निघाली. 'डिले' तो सुरतेला कामावर असलेल्या भावाला भेटायला गेला तेव्हा स्टेशनवरच्या फलकावर भेटला. 'सिग्नेचर' बँकेच्या स्लिपवर. 'रिफंड' रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे मागताना. आणि 'एक्स्पायरी'ची गोष्ट सांगताना तो जरा सावरून बसला. रीलमध्ये तो शब्द दुधाच्या पिशवीवर दाखवला होता. त्याच्या पाड्यावर दुधाची पिशवी कुठली यायला? पण घरी गेल्यावर आजी तापाने फणफणली होती आणि पेटीतून काढलेली जुनी गोळी तोंडात टाकण्याच्या बेतात होती. याने पाकीट हातात घेतले, त्यावर तोच शब्द दिसला, पुढची तारीख वाचली. दोन वर्षे उलटून गेली होती. त्याने ती गोळी घेऊ दिली नाही, आणि सकाळी आजीला आरोग्य केंद्रात नेले. "आजीला मी आमच्या बोलीत समजावून सांगितलं सर," तो म्हणाला, "आता ती प्रत्येक पाकिटावर मला 'एक्स्पायरी' बघायला लावते. शब्द तिलापण येतो."

श्रोतेहो, त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अखेर त्यानेच दिले, नाही का? शब्द रीलमधून आला, हे खरे. पण तो रीलमुळे राहिला नाही. कामाला लागला, दुसऱ्याला सांगावा लागला, म्हणून राहिला. त्या आजीच्या तोंडी 'एक्स्पायरी' ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने शंभर वर्षांपूर्वी तिच्या आजीच्या तोंडी 'टेसन' गेला असेल.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की रीलवर रागावू नये आणि त्याच्यावर विसंबूनही राहू नये. मुलांनी दिवसाला पाच व्हिडिओ बघण्याऐवजी एक पाहावा आणि तो मध्येच थांबवावा. तो स्वतः थांबत नाही, तेव्हा आपण त्याला थांबवायचे, आणि शब्द मोठ्याने म्हणायचा. वहीत लिहायचा, अर्थ मराठीत सुचला तर मराठीत, नाहीतर आपल्या बोलीत, नाहीतर चित्र काढून. दुसऱ्या दिवशी मोबाइल न उघडता तो आठवायचा, आठवड्याने पुन्हा आठवायचा. आणि त्या दिवशी तो शब्द घरातल्या, पाड्यावरच्या, बाजारातल्या एखाद्या खऱ्या वस्तूवर शोधायचा : खताच्या गोणीवर, गोळीच्या पाकिटावर, एस.टी.च्या तिकिटावर. सापडला तर घरात कुणाला तरी सांगायचा. यासाठी पैसे पडत नाहीत आणि रेंजही लागत नाही.

आम्हा शिक्षकांचे कामही थोडे बदलायला हवे. मुलाने मोबाइलवर काय पाहिले म्हणून त्याला खडसावण्यापेक्षा "कालचा शब्द सांग" असे विचारावे, आणि विचारून गप्प बसावे. त्याला आठवायला वेळ द्यावा. उच्चार चुकला तर कुणी हसणार नाही एवढे पाहावे. एवढी मोकळी जागा वर्गात राहिली, तर सातपुड्यातल्या पोराला 'इस्लंड' म्हटल्याबद्दल माझ्यासारखे महिनोन्महिने मुके बसावे लागणार नाही.

परवा तो मुलगा व्हरांड्यात पुन्हा भेटला. हातात मोबाइल होताच. मला पाहून त्याने तो खिशात टाकला आणि म्हणाला, "सर, विचारा." मी थांबलो. त्याने सात शब्द सांगितले. तासाची घंटा झाली होती, तरी मी ते सगळे ऐकून घेतले.